डोळ्यांची साक्ष

'मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें,' एवढें म्हटलें कीं आपल्याकडे वाद संपतो. ऐकीव गोष्टीला मनुष्य हंसतो, तर्काला तर्कानें उत्तर देतो, छापलेल्या मजकुराकडे तर संशयानेंच पाहतो. परंतु समोरचा सज्जन गृहस्थ शांतपणें 'मीं पाहिलें आहे' असें म्हणाला म्हणजे मोठमोठे वादपटुही शस्त्रें खालीं ठेवतात. खरें आणि खोटें यांत चार बोटांचें अंतर असतें, कारण डोळा आणि कान यांत तेवढेंच अंतर आहे, हें चातुर्याचें उत्तर आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. ह्या चार बोटांविषयीं आम्हांस फार दिवसांपासून एक शंका आहे. एका जुन्या इटालियन चित्रपटानें ती नुकतीच पुन्हां जागी केली, आणि तिच्याबरोबर आमच्या स्वतःच्या आयुष्यांतील एक प्रकरणही जागें केलें. तो चित्रपट खुनांचा व भीतीचा आहे. असल्या चित्रपटावरून नीतिशास्त्रांतील प्रश्न काढणें कित्येकांस औचित्याला सोडून वाटेल. पण प्रश्न कोणत्या दारानें घरांत आला यापेक्षां तो उत्तर मागतो कीं नाहीं, हें पाहणें अधिक बरें.

दारिओ आर्जेंतो या दिग्दर्शकाचा 'प्रोफोन्दो रोस्सो', म्हणजे 'गडद तांबडें', हा चित्रपट १९७५ सालीं इटलींत प्रथम दाखविला गेला. आम्हीं तो पहिल्यानें पाहिला तो विद्यार्थिदशेंत, वसतिगृहांतील एका मित्रानें कोठून तरी मिळविलेल्या कॅसेटवर. चित्र फिकट, आवाज घोगरा, मूळचा रुंद पडदा दोन्ही बाजूंनीं कापून चौकोनी केलेला, आणि दहा-बारा तरुण एकाच खोलींत दाटीवाटीनें बसलेले! त्या रात्रीं आम्ही किंचाळलों, मग किंचाळल्याबद्दल एकमेकांस हंसलों, आणि खुनी कोण हें आपण अगोदरच ओळखलें होतें असें प्रत्येकानें दुसऱ्याला शपथेवर सांगितलें. आतां पन्नाशी उलटल्यावर, स्वच्छ केलेल्या नव्या प्रतीवरून, घरच्या मंडळींसह तो पुन्हां पाहिला. भीति फारशी वाटली नाहीं. परंतु दुसरेंच कांहीं वाटलें, आणि तें भीतीपेक्षां अधिक काळ टिकलें.

इटालियन भाषेंत अशा कथांना 'जाल्लो' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ नुसता 'पिवळा' असा आहे. मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेनें १९२९ सालीं गुन्ह्यांच्या व त्यांच्या शोधाच्या कादंबऱ्यांची एक माला पिवळ्या वेष्टनांत काढण्यास आरंभ केला, आणि वेष्टनाचा रंग हेंच पुढें त्या वाङ्मयप्रकाराचें नांव होऊन बसलें. फॅसिस्ट राजवटीला हीं पुस्तकें रुचलीं नाहींत. १९४१ मध्यें ती माला बंद पडली. शिस्तबद्ध राष्ट्रांतही खून होतात, आणि त्यांचा छडा लावण्यास सरकारी अंमलदारापेक्षां एखादा हौशी गृहस्थ अधिक उपयोगी पडतो, ही कल्पना कोणत्या हुकूमशहाला आवडणार? युद्धानंतर पुस्तकें पुन्हां निघूं लागलीं. १९६३ सालापासून मारिओ बावा यानें तो पिवळा रंग पडद्यावर आणला. आणि १९७० मध्यें आर्जेंतोनें आपल्या पहिल्याच चित्रपटांत त्याला स्वतःचें असें एक वळण दिलें. त्या चित्रपटांत एक अमेरिकन लेखक एका कलादालनाच्या कांचेच्या दारांमागून एका स्त्रीची व एका काळ्या कपड्यांतील पुरुषाची झटापट पाहतो. आपण पाहिलें त्यांत कांहीं तरी चुकतें आहे, एवढेंच त्याला जाणवत राहतें. बळी वाटलेली स्त्रीच मारणारी होती, हें शेवटीं कळतें. पांच वर्षांनीं 'गडद तांबडें' मध्यें आर्जेंतोनें तोच विषय पुन्हां हातीं घेतला, आणि ह्या खेपेस त्यानें साक्षीदाराच्या पंक्तीला प्रेक्षकालाही बसविलें.

ही गोष्ट समजण्यासाठीं कथानकाचें रहस्य फोडणें भाग आहे. चित्रपटाला सुमारें पन्नास वर्षें होऊन गेलीं. रहस्यालाही मुदतीचा कायदा लागू असावा असें आम्हांस वाटतें.

मार्कस डेली हा एक इंग्रज पियानोवादक इटलींत राहत असतो. एका रात्रीं एका भव्य, ओसाड चौकांत (चित्रण बहुतेक तुरीन शहरांतील आहे) कार्लो नांवाच्या आपल्या मद्यपि मित्राशीं तो बोलत असतां एक किंकाळी ऐकूं येते. कांहीं वेळानें वरच्या मजल्यावरील खिडकींत एक स्त्री दिसते. मागून तिच्यावर घाव पडतो आणि ती खिडकीची कांच फोडून पुढें कोसळते. मार्कस धांवत जिना चढतो, विलक्षण चेहऱ्यांच्या चित्रांनीं भरलेल्या एका लांब बोळांतून जातो, आणि तिला त्या फुटलेल्या कांचेवरून उचलतो. खिडकींतून पाहतो तों पावसाळी कोट घातलेली एक आकृति खालच्या चौकांतून निघून जात आहे. पुढें त्याच्या मनांत एक कुसळ राहतें: आपण आंत शिरलों तेव्हां भिंतीवर एक चित्र होतें, आणि नंतर तें तेथें नव्हतें. तें कोणीं काढून नेलें, आणि कां? ह्या एका प्रश्नाचा पाठलाग करीत तो सबंध चित्रपटभर फिरतो.

परंतु चित्र कधीं नव्हतेंच. तो आरसा होता. भिंतीवरील रंगविलेल्या चेहऱ्यांमध्यें जो एक चेहरा त्याला रंगविलेला वाटला, तो आरशांत उमटलेला जिवंत खुन्याचा चेहरा होता. आणि दिग्दर्शकाचा प्रामाणिकपणा असा कीं, त्यानें तो आपणांपासून लपविलेला नाहीं. मार्कसबरोबर आपणही त्या बोळांतून जातों तेव्हां तो आरसा आणि तो चेहरा क्षणभर आपल्या डोळ्यांसमोर येतो. ह्या वेळीं आमच्या कन्येनें बरोबर त्या जागीं चित्र थांबविलें. "बाबा, हा पाहा," ती म्हणाली. एका वृद्ध स्त्रीचा पांढराफटक चेहरा तेथें स्पष्ट होता. तरुणपणीं आम्ही दहा-बाराजण त्या ठिकाणीं डोळे ताणून बसलों होतों, आणि आमच्यापैकीं एकालाही तो दिसला नव्हता. कॅसेटच्या फिकेपणाला दोष देण्याची सोय आम्हांस आहे. परंतु चित्रगृहांतील रुंद, झगझगीत पडद्यासमोर बसलेले हजारों प्रेक्षकही असेच फसले आहेत. डोळ्यांनीं तो चेहरा घेतला. मनानें 'चित्र' अशी चिठ्ठी लावून तो फडताळांत टाकला.

ती वृद्धा म्हणजे कार्लोची आई मार्था. मार्कस तिच्या घरीं जाऊन आलेला असतो. तिचें घर तिच्या तरुणपणच्या छायाचित्रांनीं भरलेलें आहे. ती भूमिका करणारी क्लारा कालामाई ही खरोखरच एके काळची प्रसिद्ध नटी, १९४३ च्या व्हिस्कोंतीच्या 'ओस्सेस्सिओने' चित्रपटाची नायिका, आणि भिंतीवरचीं तीं छायाचित्रेंही तिचींच. मार्कस पियानो वाजवितो असें सांगतो, तरी ती आपली त्याला एंजिनियर समजून बोलत राहते. प्रेक्षक हंसतात. आम्हीही दोन्ही वेळां हंसलों. एखाद्या म्हाताऱ्या, विसराळू बाईकडे आपण किती प्रेमानें आणि किती पूर्णपणें दुर्लक्ष करतों! आरशांतील तिचा चेहरा न दिसण्याला जी वृत्ति कारण झाली, तीच दिवाणखान्यांत ती समोर बसली असतांनाही काम करीत होती.

याहून गंभीर गोष्ट कार्लोची. लहानपणीं, नाताळच्या दिवशीं, आपल्या आईनें आपल्या बापाला भोंसकल्याचें त्यानें पाहिलें. सुरी त्याच्या पायांपाशीं येऊन पडली. पुढें त्या मुलानें तें दृश्य भिंतीवर रेखाटलें, व त्यावर गिलावा चढला. मार्कस त्या ओसाड बंगल्यांत जाऊन गिलावा खरवडतो, आणि रक्तानें माखलेली सुरी हातांत घेतलेल्या मुलाचें चित्र उघडें पडतें. तेवढें पाहून तो निघून जातो. तो गेल्यावर गिलाव्याचा आणखी एक तुकडा गळतो आणि एक आकृति खालून वर येते. परंतु ती पाहण्यास तेथें आतां कोणी नसतें. कार्लो हाच खुनी असें मार्कस ठरवितो. कार्लोही आईवरचें बालंट स्वतःवर घेतो, मित्रावरच पिस्तूल रोखतो, आणि पळतां पळतां रस्त्यावर भीषण रीतीनें मरतो. मग सर्व संपल्यावर मार्कसला आठवतें कीं, त्या पहिल्या रात्रीं किंकाळी ऐकूं आली तेव्हां कार्लो आपल्या शेजारींच उभा होता. त्याच्या निर्दोषपणाचा निर्णायक पुरावा पहिल्या क्षणापासून मार्कसच्याच डोळ्यांत होता! अॅरिस्टॉटलनें शोकांतिकेंतील ओळख आणि दैवाचा फेरा हीं एकाच क्षणीं घडावींत असें सांगून ईडिपसचा दाखला दिला आहे. येथें ओळख पटते, पण फेरा आधींच दुसऱ्याच्या मस्तकावरून फिरून गेलेला असतो.

मुळांत असले चित्रपट पाहावे कां, असें येथें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. भरतानें भयानक आणि बीभत्स यांना आठ रसांत स्थान दिलें, तें भय आणि जुगुप्सा हे भावही मनुष्याच्या अंतःकरणांत कायमचे वसतीला आहेत हें ओळखून. परंतु रस निराळा आणि चटक निराळी. स्त्रियांवरील घाव या चित्रपटांत ज्या सजावटीनें मांडले आहेत ते पाहतां कित्येक ठिकाणीं चटकेची बाजू वरचढ झाली आहे, असें आम्हांस ह्या वेळीं वाटलें. घरच्या मंडळींनीं तर दोनदां तोंड फिरविलें. खुन्याचे हातमोजे घातलेले हात दाखविण्याची वेळ आली म्हणजे आर्जेंतो स्वतःचेच हात पुढें करीत असे, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तींत आम्हांस एक प्रकारची कबुली दिसते: हें घडविणारे हात कलावंताचे, आणि तें पाहण्यासाठीं पुढें सरकून बसलेले डोळे आमचे. एवढा निर्वाळा देऊन आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतों.

तो प्रश्न असा. एखाद्या मनुष्यानें जें पाहिलें असें त्याला प्रामाणिकपणें वाटतें, तेंच त्यानें सांगितलें. आणि तें खोटें ठरून दुसऱ्याचा घात झाला. तर त्या मनुष्याकडे दोष येतो काय? लौकिक उत्तर 'येत नाहीं' असें आहे. तो खोटें बोलला नाहीं. त्याची चूक झाली. आणि चूक हें पाप नव्हे.

आमच्या नैयायिकांनीं ह्या उत्तरावर इतक्या लवकर समाधान मानलें नसतें. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्षाचें लक्षण करतांना इंद्रिय आणि पदार्थ यांच्या संनिकर्षापासून उत्पन्न झालेलें ज्ञान एवढेंच म्हणून सूत्रकार थांबलेला नाहीं; तें ज्ञान अव्यभिचारी पाहिजे व निश्चयात्मक पाहिजे अशा अटी त्यानें घातल्या आहेत. वात्स्यायन भाष्यांत उन्हाळ्यांतील मृगजळाचा दाखला देतो: किरणांशीं डोळ्याचा संबंध खरा, परंतु 'पाणी' हें ज्ञान व्यभिचारी. आणि दुरून कांहीं तरी उठतांना दिसलें, तें धूर कीं धूळ हें ठरत नाहीं, तेंही प्रत्यक्ष नव्हे. म्हणजे दोन हजार वर्षांच्या आसपास ज्यांना होऊन गेलीं त्या पंडितांच्या मतें नुसतें 'मीं पाहिलें' हें प्रमाण होत नाहीं. जें दिसलें, आणि तें जें आहे असें मीं मानलें, ह्या दोहोंच्या मध्यें एक सांधा आहे, व सर्व अनर्थ त्या सांध्यांतून आंत शिरतो. मार्कसला चेहरा दिसला, हें खरें. 'चित्र' हें त्यानें मानलें.

इटलीच्याच इतिहासांत ह्या सांध्याची एक भयंकर कथा आहे. थोर कादंबरीकार आलेस्सांद्रो मान्झोनी यानें ती 'कलंकस्तंभाचा इतिहास' ह्या अर्थाच्या नांवाच्या एका लहानशा ग्रंथांत सांगितली, आणि आपल्या प्रख्यात कादंबरीच्या १८४० ते १८४२ या काळांत निघालेल्या सुधारित आवृत्तीला ती जोडून दिली. १६३० सालीं मिलान शहरांत प्लेगनें कहर मांडला होता. कोणी दुष्ट लोक भिंतींना विषारी लेप लावून रोग पसरवितात अशी समजूत पसरली होती. २१ जूनच्या सकाळीं कातेरीना रोझा नांवाच्या बाईनें खिडकींतून पाहिलें कीं, एक मनुष्य हातांत कागद घेऊन भिंतीच्या कडेकडेनें जात आहे आणि मधून मधून भिंतीला हात लावीत आहे. पाऊस पडत होता. भिंतीच्या आडोशानें जाणें स्वाभाविक होतें. लिहितांना शाई लागलेलीं बोटें कोणी भिंतीला पुसलीं तर त्यांतही नवल नाहीं. तो मनुष्य पिआत्सा नांवाचा, आरोग्यखात्याचाच एक अंमलदार होता. त्याला पकडून त्याचा छळ केला. छळाखालीं त्यानें मोरा नांवाच्या एका न्हाव्याचें नांव घेतलें. आणि त्याच उन्हाळ्यांत दोघांनाही हालहाल करून मारण्यांत आलें. न्हाव्याचें घर जमीनदोस्त करून तेथें एक स्तंभ उभारला, तो १७७८ पर्यंत त्यांच्या 'अपराधा'ची साक्ष देत उभा होता.

ती बाई खोटें बोलली काय? भिंतीला लागलेला हात तिनें खरोखर पाहिला. लेप मात्र तिनें पाहिला नाहीं. तो तिच्या डोळ्यांत आधींच तयार होता, कारण तो सबंध शहराच्या भीतींत तयार होता. मान्झोनीचा मुख्य रोख तिच्यावर नसून न्यायाधीशांवर आहे. काळच तसा अज्ञानाचा होता, ही सबब तो मान्य करीत नाहीं. त्या काळच्या समजुती व त्या काळचे कायदे जमेस धरूनही त्यांना सत्य कळूं शकत होतें. रागानें आणि लोकांच्या भयानें त्यांनीं तें पाहण्याचें टाळलें, असें त्याचें म्हणणें आहे. न पाहणें हीसुद्धां एक कृति असूं शकते, हा विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो.

अलीकडच्या मानसशास्त्रानेंही ह्या सांध्यावर बोट ठेविलें आहे. १९७४ सालीं, म्हणजे आर्जेंतोचा हा चित्रपट येण्याच्या आदल्याच वर्षीं, एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनीं अमेरिकेंत एक प्रयोग प्रसिद्ध केला. दीडशें विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताचें एक लहानसें चित्रण दाखविलें. मग पन्नासजणांना, गाड्या एकमेकींवर आदळून चुरडल्या तेव्हां त्यांचा वेग किती होता, असें विचारलें. दुसऱ्या पन्नासांना, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हां वेग किती होता, असें सौम्य शब्दांत विचारलें. आणि उरलेल्यांना वेगाविषयीं कांहींच विचारलें नाहीं. आठवड्यानंतर सर्वांना एकच प्रश्न टाकला: फुटलेली कांच तुम्हीं पाहिली काय? चित्रणांत कांच मुळींच फुटलेली नव्हती. तरी पहिल्या पन्नासांपैकीं १६ जणांनीं ती 'पाहिली' होती, आणि दुसऱ्यांपैकीं ७ जणांनीं. एका क्रियापदानें कांच फोडली! हे विद्यार्थी लबाड नव्हते. त्यांची स्मृति प्रश्नाच्या शब्दाशीं आज्ञाधारकपणें वागली, इतकेंच.

आतां आमचें स्वतःचें प्रकरण. तें सांगावें कीं न सांगावें याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. परंतु दुसऱ्यांच्या डोळ्यांतील दोष काढीत इतकीं पानें लिहिल्यावर स्वतःचे डोळे झांकून घेणें शोभणार नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं एका परीक्षेच्या वेळीं आम्ही पर्यवेक्षक म्हणून एका दालनांत होतों. मागील बांकांपैकीं एकावर बसलेला एक मुलगा खालीं वाकला आणि त्याच्या हातांत कागदाची एक चिठ्ठी दिसली. आम्हीं ती पकडली. तींत उत्तरें लिहिलेलीं होतीं. मुलगा थरथरत म्हणाला, "सर, ती खालीं पडलेली होती. मी टाकून देत होतों." असें सगळेच म्हणतात. आम्हीं अहवाल लिहिला. त्यांत, 'उमेदवारानें खिशांतून चिठ्ठी काढून उत्तरपत्रिकेखालीं धरलेली आम्हीं स्वतः पाहिली,' असें वाक्य होतें. चौकशीच्या वेळीं आम्हांस विचारण्यांत आलें, "तुमची खात्री आहे?" आम्हीं उत्तर दिलें, "स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें." आणि वाचकांस आम्ही अगदीं मनापासून सांगतों कीं, तें उत्तर देतांना तो खिसा, तो हात, ती चिठ्ठी बाहेर येण्याचा तो क्षण आमच्या डोळ्यांपुढें लख्ख उभा होता. मुलाचें वर्ष गेलें. तो पुन्हां त्या महाविद्यालयांत आला नाहीं.

सात-आठ वर्षांनीं एक जुना विद्यार्थी नोकरी लागल्याचे पेढे घेऊन आमच्या घरीं आला. गोष्टींना रंग चढला. आणि गेलेल्या दिवसांच्या गमती सांगतां सांगतां त्यानें हंसत हंसत सांगितलें कीं, ती चिठ्ठी त्याची होती. आम्ही त्याच्या बाजूला येतांना दिसलों म्हणून त्यानें ती पायानें मागें ढकलली होती. सांगून झाल्यावर आमच्या चेहऱ्याकडे पाहून त्याचें हंसणें थांबलें. आम्हीही त्याला कांहीं बोललों नाहीं. कारण त्याचा अपराध मोठा होता कीं आमचा, हें त्या क्षणीं ठरेना.

आम्ही संबंधित अधिकाऱ्यांकडे गेलों. प्रकरण निकालांत निघालें आहे व तें पुन्हां उघडण्याची तरतूद नाहीं, असें सौजन्यानें सांगण्यांत आलें. जुन्या पत्त्यावर त्या मुलाला पत्र लिहिलें. 'मालक येथें राहत नाहींत' असा शेरा घेऊन तें परत आलें.

आम्ही खोटें बोललों काय? नाहीं. मग आम्ही निर्दोष आहों काय? ह्या प्रश्नाला 'होय' असें उत्तर देण्याचा आम्हीं प्रामाणिक प्रयत्न केला आहे, आणि तो साधलेला नाहीं. आम्हांस हात दिसला आणि हातांत चिठ्ठी दिसली. खिसा दिसला नाहीं. खिसा आम्हीं पुरविला, कारण पकडलेल्या मुलाच्या कथेंत खिसा असतोच. जसा प्लेगच्या शहरांतल्या हाताला लेप असतोच, आणि चित्रांच्या भिंतीवरील चेहरा हें चित्र असतेंच. आमचा अपराध असत्यभाषणाचा नव्हे. सत्य बोलण्याची आपली कीर्ति जामीन ठेवून, आपण न पाहिलेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टींत मिसळूं देण्याचा तो अपराध आहे. खोटें बोलणाऱ्याची साक्ष उलटतपासणींत फुटते. प्रामाणिक मनुष्याची फुटत नाहीं, म्हणून ती अधिक घातक.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. डोळ्यांवर इतका अविश्वास दाखविल्यास जगांत न्याय कसा चालावा? प्रत्येक साक्षीदारानें 'मला दिसल्यासारखें वाटलें' असें पुटपुटायचें ठरविल्यास चोर आणि खुनी यांना मोकळें रान मिळेल. आणि जी दुर्बळ स्त्री अगर जें मूल मोठ्या धैर्यानें 'मीं पाहिलें' असें म्हणतें, त्यांच्या तोंडावर हाच वेदांत फेंकण्यांत येईल. आक्षेप खरा आहे. चित्रपटांतील लहानग्या कार्लोनें जें पाहिलें तें सोळा आणे सत्य होतें. तें ऐकून घेणारें कोणी नव्हतें, म्हणूनच तें गिलाव्याखालीं गेलें, आणि त्या मौनानें त्याचें सबंध आयुष्य नासलें. तेव्हां सर्व साक्ष संशयास्पद असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, साक्ष देणाऱ्यानें आपल्या मालांतून डोळ्याचा भाग आणि मनाचा भाग निवडून वेगळा करावा. आणि दुसऱ्याच्या नशिबाचा निकाल आपल्या शब्दावर लागणार असेल तेव्हां तर हें निवडणें टाळूं नये. 'हातांत चिठ्ठी पाहिली. ती कोठून आली तें पाहिलें नाहीं,' एवढें लिहिण्यास आम्हांस किती शाई लागली असती?

चित्रपट पुन्हां पाहतां येतो, थांबवितां येतो, आणि मुलगी पडद्यावर बोट ठेवून 'हा पाहा' असें म्हणूं शकते. आयुष्यांतील दृश्य एकदांच दाखविलें जातें. त्या परीक्षेच्या दालनांत आम्हांस आतां कोणी नेऊं शकत नाहीं. परंतु विचार करतां असें वाटतें कीं, दुसऱ्यांदा पाहण्याची सोय आयुष्यांत अगदींच नाहीं असें नव्हे. त्याच दृश्याकडे दुसऱ्या जागेवरून पाहणारा एक मनुष्य बहुधा समोर उभा असतो, आणि तो बोलत असतो. "सर, ती खालीं पडलेली होती," हें आमचें पुनर्दर्शन होतें. तें आम्हांस त्याच मिनिटाला देऊं करण्यांत आलें होतें. आम्हीं तें घेतलें नाहीं, कारण आम्हीं पाहिलें होतें! मार्कसही अर्धा गिलावा पडलेला पाहून असाच समाधानानें घरीं गेला. त्याच्या बाजूनें एवढें म्हटलें पाहिजे कीं, कार्लो मेल्यावर, जेव्हां सर्व जग प्रकरण संपलें असें मानीत होतें, तेव्हां तो आपली आठवण तपासून त्या बोळांत परत गेला. उशीर झाला होता, तरी गेला. चित्रपटाच्या शेवटच्या दृश्यांत तो रक्ताच्या थारोळ्याकडे पाहत उभा आहे, आणि त्यांत त्याला आपलाच चेहरा दिसतो. वसतिगृहांतल्या त्या रात्रीं आम्हांस ही नुसती दिग्दर्शकाची हौस वाटली होती.

परत आलेलें तें पत्र आमच्या टेबलाच्या खणांत अजून आहे. आमच्या कन्येनें त्या रात्रीं विचारलें, "बाबा, तुम्ही पहिल्यांदा पाहिलात तेव्हां तुम्हांला ती म्हातारी दिसली होती का?" वसतिगृहांत ह्याच प्रश्नाला आम्हीं काय उत्तर दिलें होतें, तें वर सांगितलेंच आहे. ह्या वेळीं आम्हीं सांगितलें, "समोर होती. आम्हीं पाहिली नाहीं."